पाहुण्यांच्या तारखेपर्यंत

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक वाईट गोष्टी ठाऊक आहेत. ही नाही. मंडळात कुणाला नाही, शाळेत कुणाला नाही. आठ वर्षं मी हे तोंडाबाहेर पडू दिलेलं नाही — आणि खरं सांगायचं तर ते फारसं जडही गेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. झोप उडाली, अन्न गोड लागेना, असलं काही झालं नाही. माणूस असल्या गोष्टी पोटात घेऊन अगदी व्यवस्थित जगतो. दाढी करतो, हजेरी घेतो, लग्नांना जातो.

मी परभणीत शाळेत विज्ञान शिकवतो. आणि पक्षी वाचवणाऱ्या एका मंडळाचा सचिव आहे, फार वर्षांपासून. मंडळाचं नाव सांगत नाही. सांगितलं काय, न सांगितलं काय — असलं एक मंडळ तुमच्याही गावात असेल. जाकिटं बघा आमची: खिसेच खिसे, आणि एकाही खिशात काही नाही. उन्हाळा लागला की आम्ही मातीची परळं वाटतो, चिमण्यांना पाणी ठेवा म्हणून. परळ घेणारी बाई एक आणि देताना हात लावणारे आम्ही सातजण. फोटो निघाला की परळाचं पुढं काय होतं ते त्या बाईनं बघायचं. चिमण्यांसाठी प्लायवूडची घरटी लावतो, तीही भर उन्हाच्या भिंतीवर, कारण सावलीतल्या भिंतीवर फोटो नीट येत नाही. त्यात पाली राहतात. सुखी असतात.

आणि आमची भांडणं! एखादा पक्षी जिल्ह्यात पहिल्यांदा कुणी पाहिला, यावरून आमच्यातली दोन माणसं चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पक्षी कधीच उडून गेला. अध्यक्षांकडे हाताएवढी लेन्स आहे. पक्ष्याच्या डोळ्यातलं आभाळ दिसतं तिच्यातून, म्हणतात ते. मी पाहिले आहेत ते फोटो. मला त्यात प्रत्येक वेळी खालच्या कोपऱ्यातलं अध्यक्षांचं नावच आधी दिसतं.

मी हसतोय त्यांना, असं वाटेल तुम्हाला. हसतोच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या — त्या सगळ्यांना काही कळत नव्हतं. मला कळत होतं. मंडळात पुस्तकं वाचलेला मी एकटा. जखमी पक्षी कसा धरावा, किती दिवस ठेवावा, कधी सोडावा, यावर तालुक्या-तालुक्याला व्याख्यानं देत हिंडणारा मीच. तेव्हा त्यांचं जे आहे तो मूर्खपणा म्हणता येईल. माझं जे आहे त्याला काय म्हणायचं?

मानवतच्या अलीकडे एका तळ्याकाठी गंगाधरराव नावाचे एक शेतकरी आहेत. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणतो. त्यांचा मुलगा बालाजी हॉस्टेलला राहून माझ्या हाताखाली शिकला. दर हिवाळ्यात त्या तळ्यावर करकोचे येतात. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा झुबका. दुपारभर पाण्याच्या कडेला उभे राहतात आणि सकाळ-संध्याकाळ आसपासच्या हरभऱ्यात उतरतात. शेकड्यांनी उतरतात. म्हणून लोक शिवाराला नायलॉनची जाळी लावतात. मामांनीही लावली होती. त्या वर्षी फेब्रुवारीत एक करकोचा त्यांच्या जाळीत पंखानं अडकला.

मामांनी विळ्यानं जाळी कापली. अर्धा वाफा जाळी गेली. पक्षी मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि बालाजीच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर धरून, परभणीला माझ्या दारात आणला. मामी त्या दिवशी काय म्हणाल्या ते मामांनीच हसत हसत सांगितलं: "म्हणली, माझं गुडघं दोन साल झालं दुखायलेत, तवा सवड न्हाई. पाखराला मातर लगीच परभणी." मग गंभीर झाले. "सर, हे जोडीनं असतंय म्हणत्यात. दुसरं तिथंच वरडायलंय सकाळपासून. लवकर बरं करा."

वनखात्याला कळवलं, कागद झाला, आणि पक्षी देखभालीसाठी आमच्याकडेच राहिला. गावाबाहेर अध्यक्षांचा मळा आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये. जनावरांच्या डॉक्टरांनी पंख बघितला. हाड शाबूत होतं, कातडं आणि स्नायू दुखावले होते. औषध लावायचं, शांत ठेवायचं. मी रोज शाळेच्या आधी आणि नंतर जात होतो. ज्वारी, भिजवलेला हरभरा, पाणी. पहिले तीन दिवस तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. चौथ्या दिवशी खाल्लं. हे सांगतोय ते माझी सेवा सांगायला नाही. तो बरा होत होता हे मला रोजच्या रोज दिसत होतं, एवढंच सांगायचंय.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला शेडमध्येच या टोकापासून त्या टोकाला उडवून पाहिलं. म्हणाले, "झालं याचं. नेऊन सोडा उद्याच. जास्त दिवस ठेवला तर बिघडेल."

मी हो म्हणालो.

संध्याकाळी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, असा कसा सोडायचा? गुपचूप? कार्यक्रम करू. त्यांच्या ओळखीतले एक मोठे गृहस्थ येणार होते परभणीला, वजनदार माणूस, वरपर्यंत शब्द चालणारा. त्यांच्या हस्ते मुक्तता. मंडप, बॅनर, पत्रकार, तळ्याकाठी. पाहुण्यांची तारीख आठ दिवसांनंतरची होती.

मी काय म्हणायला पाहिजे होतं ते तुम्हाला सांगायला नको. मला तोंडपाठ होतं. व्याख्यानात मी ते स्लाइडवर दाखवतो. स्थलांतर करणारा पक्षी थव्यासोबतच सोडायचा, थवा निघायच्या आत. मार्च लागला होता. करकोचे मार्चमध्ये निघतात. हे मला अध्यक्षांना सांगायचं होतं, आणि मी सांगितलंही असतं. पण त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं: जिल्ह्याच्या वन्यजीव समितीवर मंडळाचा एक माणूस घ्यायचाय, पाहुणे शब्द टाकतील, तुमचंच नाव देऊ, सचिव म्हणून.

मी म्हणालो, आठच दिवस आहेत ना, हरकत नाही.

बघा, कसं असतं. मला वाटायचं, असल्या वेळी माणसाच्या आत काहीतरी झटापट होत असेल. काही होत नाही. मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, पत्रिकेवर नाव येणार आहे.

मामांचा फोन रोज. सुरुवातीला विचारायचे, "कसं हाय आपलं पाखरू?" मी त्यांना सांगितलं, पंख भरला नाही अजून, डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टरांच्या नावावर मी खोटं बोललो. मामांना ते खरं वाटलं. मग काही दिवसांनी आवाज बदलला. "सर, थवा निघायलाय. दोन दिस झालं वर चढून लय गोंगाट करायलेत, घिरट्या घालायलेत. निम्मे गेले. जे हाईत ते बी ऱ्हात न्हाईत. हाय तसं आणा, आमी बघतो की त्याच्याकडं." मी म्हणालो, मामा, घाई करून चालत नाही, शास्त्र असतं त्याचं. शास्त्र म्हणालो मी.

आठ दिवस झाले. पाहुण्यांची तारीख पुढं गेली. मग आणखी एकदा गेली.

आता जे सांगतो तेच खरं सांगायचं होतं. बाकीचं त्याच्याभोवतीचं आहे.

एका सकाळी शेडच्या जाळीच्या दाराबाहेर ज्वारीचं घमेलं घेऊन उभा होतो. वरून आवाज आला. करकोच्यांचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? घशातून येतो, लांबून, आणि एका पाठोपाठ एक सगळे देतात, कुणी मागं राहू नये म्हणून देत असावेत. मी मान वर करून पाहिलं. फार उंचावर, रेघ ओढल्यासारखा थवा, उत्तरेकडं. माझ्या पाठीमागं शेडमध्ये तो ताठ झाला. मान सरळ वर. आणि ओरडला. इतक्या दिवसांत त्यानं एकदाही आवाज काढला नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज घुमला. परत ओरडला. पंख उघडले, धावत दाराच्या जाळीपर्यंत आला, माझ्या गुडघ्याजवळ. वरून उत्तर येत होतं. त्यालाच येत होतं असं मी म्हणणार नाही, मला त्यांची भाषा येत नाही. पण येत होतं.

जाळीच्या दाराची कडी माझ्या हातापासून वीतभर होती.

आजूबाजूला कुणी नव्हतं. उघडली असती तर अध्यक्षांना काहीही सांगता आलं असतं — निसटला, गडी दार लावायला विसरला, काहीही. खोटं बोलायला मी कचरत होतो असंही नव्हतं, मामांशी रोज बोलत होतो की. मी काय केलं? मी आवाज लांब जाईपर्यंत उभा राहिलो. मग घमेलं दाराखालून आत सारलं, कडी नीट बसली आहे का ते हलवून पाहिलं आणि शाळेत गेलो. पहिल्या तासाला सातवीला अन्नसाखळी शिकवली.

कार्यक्रम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाला. तळं अर्धं आटलेलं, एक करकोचा नाही. पाहुणे दुपारी साडेबाराला आले. करकोच्याच्या उजव्या पायात आम्ही लाल प्लास्टिकची पट्टी घातली होती, मंडळाच्या रंगाची. तशी पट्टी घालायचा आम्हाला कसलाही अधिकार नव्हता, पण फोटोत छान दिसत होती. पाहुण्यांनी भाषणात त्याला तीनदा बगळा म्हटलं. आम्ही तीनदा टाळ्या वाजवल्या. मामांना शाल दिली, नारळ दिला आणि पक्षी बघायची एक दुर्बीण दिली. मग पाहुण्यांनी पक्षी उचलला, फोटोवाल्यांनी अजून एक, अजून एक केलं, आणि त्यांनी तो वर उडवला.

उडाला. चांगला उडाला, डॉक्टर बरोबर होते. तळ्यावर दोन चकरा मारल्या, ओरडला, आणि पलीकडच्या काठाला चिखलात जाऊन उतरला. माझ्या शेजारी मामा डोळ्यांवर हात धरून उभे होते. सगळे टाळ्या वाजवत असताना ते हळूच म्हणाले, "एकलंच हाय की वो, सर. आता ह्यानं जायाचं कुणासंगं?"

मी म्हणालो, त्यांना वाट कळते मामा, उपजत असतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटाच गेलो. का गेलो? काळजी म्हणून, असं लिहिता आलं असतं. पण वर्तमानपत्रात आदल्याच दिवशी मोठा फोटो आला होता आणि कुणी पत्रकार तिथं पुन्हा गेला तर काय दिसेल, ते मला आधी बघायचं होतं. पलीकडच्या काठाला कुत्री होती. त्यांना हाकललं. फार काही उरलं नव्हतं. पिसं, एक पंख, दोन पाय. उजव्या पायात लाल पट्टी जशीच्या तशी. मी ती खिशातल्या चाकूनं कापून काढली. माझ्या जाकिटाच्या खिशात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं निघालं ते हे. बाकीचं चिखलात पायानं दाबलं. पट्टी मानवतच्या बसस्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ कचऱ्याचं पिंप होतं, त्यात टाकली. रस प्यालो. तहान लागली होती.

मंडळाच्या वार्षिक अहवालात मी लिहिलं की सदर करकोचा यशस्वीरीत्या उत्तरेकडे मार्गस्थ झाला. समितीवर माझी नेमणूक झाली. ओळखपत्र आहे, गळ्यात घालायचं.

इथंच थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. एक पक्षी मेला, जगात रोज मरतात, असं म्हणून मी कधीच मोकळा झालो होतो. पण मामा माणूसच असा की त्यांनी ते तिथं थांबू दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी शिवारातल्या एका एकराची जाळी काढली. तळ्याला लागून असलेला, सगळ्यात चांगला एकर. आपलं पाखरू येईल, त्याला परत लागायला नको म्हणून. आणि ती दुर्बीण घेऊन रोज बांधावर बसायला लागले. लाल पट्टी शोधायला. शेकडो करकोचे, त्यांचे पाय बघायचे, एकेक. मला फोन करायचे: "न्हाई दिसलं वो सर. कुठं थांबलं आसंल?" दुसऱ्या हिवाळ्यात तसंच. माझा त्या फोनला जीव कंटाळला — कंटाळलाच, दुसरा शब्द नाही — आणि एका दिवशी मी त्यांना सांगून टाकलं की राजस्थानातल्या एका मित्रानं लाल पट्टीवाला करकोचा तिथं पाहिलाय. म्हटलं, आता तरी गप्प बसतील. मामांनी गावात साखर वाटली.

आता त्यांना कोण थांबवणार? एकराचा हरभरा दर वर्षी करकोच्यांच्या पोटात. घरात कुरबुर सुरू झाली. बालाजीला दोन लेकरं, थोरलीला शिकायला लातूरला ठेवायचं होतं. त्याचं म्हणणं एकच, जाळी लावा. मामांचं म्हणणं एकच, न्हाई. दोन वर्षांपूर्वी बापलेकांचं बोलणं बंद झालं, ताटं वेगळी झाली. मामींचा मला फोन आला. "तुमीच या सर. तुमचं ऐकत्यात दोगं बी. एक बाप म्हणून ऐकना, एक लेक म्हणून ऐकना."

गेलो. ओसरीवर बसवलं, चहा दिला. मामा खांबाला टेकून, दुर्बीण गळ्यात. थकले होते. बालाजी समोर उकिडवा बसला. त्यानं बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"सर, तुमी मला शिकिवलं. तुमच्या म्होरं मी खोटं बोलत न्हाई, तुमी बी बोलू नका. ते पाखरू जितं हाय का? तुमी न्हाई म्हणलात तर उद्या जाळी लावतो. हाय म्हणलात तर पुन्यांदा हा इषय काढणार न्हाई, बापाच्या पायावर हात ठिवून सांगतो."

मामी मधेच म्हणाल्या, "आसं अडवून का इचारायला रे सरांला? चहा तरी पिऊ दे."

मामा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती, हे मला अजून दिसतं. ते निवांत होते. सर सांगणार, मग झालं.

तुम्हाला काय वाटतं, मी मामांचं मन मोडू नये म्हणून बोललो? तसं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. चांगलं वाटतं ऐकायला. पण तिथं ओसरीवर बसलेला असताना माझ्या मनात मामा नव्हते. माझ्या मनात होतं की नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल — तुम्हाला कसं कळलं? कधीपासून माहीत आहे? आणि मग ते गावात जाईल, गावातून मानवतला, मानवतहून परभणीला.

मी म्हणालो, "जिवंत आहे, बालाजी. मागच्याच महिन्यात मित्राचा फोन होता."

बालाजी उठला. शब्दाचा पक्का पोरगा. बापाच्या पायावर हात ठेवला आणि आत गेला. त्या रात्री बापलेक एका ताटात जेवले, असं मामींनी नंतर फोनवर सांगितलं. देव तुमचं भलं करो, म्हणाल्या. थोरलीची लातूरची शिकवणी रद्द झाली, ती आता मानवतलाच जाते.

यंदा मंडळानं त्या एकरावर फलक लावला आहे, मंडळाचं नाव आणि खाली छोट्या अक्षरांत शेतकऱ्याचं. बाहेरगावचे लोक फोटो काढायला येतात. जानेवारीत मीच एक तुकडी घेऊन गेलो होतो. लेन्सवाले बांधावर आडवे झाले. करकोचे उतरले होते, मामा नेहमीच्या जागी दुर्बीण लावून बसले होते आणि पाय बघत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. निघताना मामींनी करकोच्यांच्या तडाख्यातून राहिलेले हरभऱ्याचे ढाळे उपटून मला भाराभर बांधून दिले. मी नको म्हणालो नाही. घरी बायकोनं ते भाजले, आणि आम्ही दोघांनी बसून खाल्ले.